सहा नळ्या, अकरा अंडी

सागाच्या पानांवर बत्तीस वाटे होते. रीनानं दोनदा मोजले. आठ-आठच्या चार ओळी. प्रत्येक पानावर मांसाचे सहा तुकडे, एक हाड, काळजाचा बोटभर काप. मोहंदीटोल्यात घरं एकतीस, असं तिच्या वहीत जुलैपासून लिहिलेलं होतं. ती तिसऱ्यांदा मोजू लागली, तसा वाटे मांडणारा झिंगू सुरी पुसता पुसता हसला. सत्तरी ओलांडलेला माणूस. सणाचं मांस वाटायचं काम गावानं त्याच्याकडे दिलेलं.

“काय मोजून राह्यली पोरी? बरोबर हाय.”

“झिंगूभाऊ, घरं तं एकतीस ना?”

“एकतीस. अन् बत्तिसावी तू. सणाच्या दिवशी गावात जो हाय, त्याचा वाटा पडते.”

रीनाचे हात गुंतलेले होते. तिच्या रबरी हातमोज्यांत बोकडाची वजडी होती, पोट आणि आतडी, अजून ऊन. आणि त्या वजडीपायीच सगळं गाव थांबलं होतं. प्रत्येक पानावर वजडीचा एक तुकडा पडल्याशिवाय वाटा पुरा होत नाही, आणि वाटा पुरा झाल्याशिवाय कोणी पान उचलत नाही. बायका सावलीत बसून तिच्याकडे बघत होत्या. कुणाच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, पण चुली मात्र पेटलेल्या होत्या.

“मटन सोडून किडे मागते,” झिंगू बायकांकडे वळून म्हणाला, “बापानं ह्याच्यासाठी शिकवलं काय तुले?”

“हो ना भाऊ. बापालेही अजून समजलं नाई काऊन ते.”

सावलीत हशा पिकला. रीना वजडी घेऊन सोनीबाईच्या अंगणाकडे निघाली.

तिचे वडील भद्रावतीला आयुध निर्माणीत होते, आणि मुलगी ‘डॉक्टर होऊन राह्यली’ असं वसाहतीत सांगत. कसली डॉक्टर, ते सांगायची पाळी आली की विषय बदलत. रीनाचा विषय म्हणजे शेळीच्या चौथ्या पोटातला एक किडा. बोटाच्या पेराएवढा लांब, लाल-पांढऱ्या पिळाचा. तो शेळीचं रक्त पितो. रक्तातली प्रथिनं त्याच्या पोटात फुटतात, त्यांची अमिनो आम्लं होतात; त्यांतली काही तो आपल्या अंगाला लावतो, अंड्यांना लावतो, आणि उरलेली मोडून त्यांतला अमोनिया बाहेर टाकतो. कुठलं आम्ल तो मोडतो आणि किती वेगानं, एवढाच प्रश्न घेऊन रीनानं दोन वर्षं काढली होती. नेहमीचं औषध या किड्याला आता पूर्वीसारखं लागू पडत नव्हतं. शेळीच्या चुलीला हात न लावता किड्याची चूल कशी विझवायची, हे ठरवायचं तर आधी त्याच्या चुलीत काय जळतं ते कळायला हवं होतं.

प्रयोगाच्या दोन खेपा झाल्या होत्या आणि आकडे चांगले आले होते. पण तिच्या मार्गदर्शक ललिता मॅडम म्हणाल्या होत्या, “दोनदा आलं तर योगायोग असू शकतो. तिसरी खेप कर, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक.” हे प्रकरण काढलं तर प्रबंधात फारसं काही उरत नव्हतं. फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. थंडी पडली की शेळ्यांच्या पोटातले किडे कमी होतात, आणि ऑक्टोबर संपत आला होता. गडचिरोलीतल्या मटणाच्या दुकानांत तिनं महिनाभरात आठ पोटं उघडली होती. शेळ्या औषध पाजलेल्या, आठांत मिळून सतरा किडे. तिला एका वेळी एकशेऐंशी हवे होते, जिवंत.

तेव्हा तिला मोहंदीटोला आठवला. जुलैमध्ये ती पशुवैद्यांबरोबर इथं शेळ्यांच्या लेंड्या तपासायला आली होती. एटापल्लीहून पंचवीस किलोमीटर, शेवटचे सहा पायवाटेचे. तिनं लालसूला फोन केला. गावात तो आणि झिंगू, दोघंच रोज मराठी बोलणारे; लालसू चाळिशीचा. तो म्हणाला होता, “रविवारी पंडूम हाय, नव्या धानाचा सण. गावाचा बोकड कटन. तुमी या मॅडम, पोट तुमचं.”

सोनीबाई लालसूची काकू. साठीची, एकटी राहणारी. मराठी समजायची, बोलायची मात्र तोलून-मापून. तिनं अंगणात खाट धुऊन ठेवली होती. रीना कात्री काढेपर्यंत तिनं चौथं पोट आपल्या हातात घेतलं, बांबूच्या काडीवर मोजा उलटावा तसं ते अलगद उलटलं आणि रीनानं आणलेलं कोमट मिठाचं पाणी वरून बारीक धारेनं सोडलं. प्रयोगशाळेत रीना चिमट्यानं एकेक किडा ओढायची. दहातला एक तुटायचा. इथं ते आपोआप सुटून परातीत उतरले.

रीनानं पिसाच्या टोकानं मोजले. दोनशे सात. सगळे वळवळणारे.

“बाई,” ती म्हणाली, “हे मले दोन वर्षांत जमलं नाई.”

सोनीबाईनं धुतलेलं पोट लालसूच्या हाती दिलं. तो ते घेऊन झिंगूकडे पळाला. पाच मिनिटांनी गावातून एक आरोळी उठली. वाटे पुरे झाले होते, पानं उचलली जात होती.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रीनानं सहा नळ्यांत तीस-तीस किडे भरले. तीन नळ्यांत नुसतं मिठाचं पाणी, तीन नळ्यांत त्याच पाण्यात अर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल. झाकणं घट्ट लावली. आता तीन तास या नळ्या शेळीच्या अंगाइतक्या, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस अंशांच्या उबेत ठेवायच्या. मग बर्फात घालून गडचिरोलीला न्यायच्या आणि पाण्यात किती अमोनिया उतरला ते मोजायचं. त्यासाठी तिनं बॅटरीवर चालणारी एक छोटी पेटी आणली होती. तिनं कळ दाबली. हिरवा दिवा लागला, पिवळा झाला, विझला.

आदल्या संध्याकाळी एटापल्लीत तिनं ती पेटी चार्जिंगला लावली होती. नंतर गावातली वीज गेली, ती आली केव्हा, आली की नाही, हे तिनं सकाळी पाहिलंच नव्हतं. बर्फ तपासला, मीठ तपासलं, नळ्यांवरचे क्रमांक दोनदा तपासले. बॅटरी तेवढी तपासायची राहिली.

तिनं पेटी बाजूला सारली. मग उठून चुलीवर पाणी ठेवलं. थर्मास होता, पण त्याचं तोंड अरुंद. नळ्या आत जाईनात. तिनं रुंद तोंडाच्या पातेल्यात, सोनीबाईच्या गंजात, पाणी घेतलं, त्यात तापमापकाची तार सोडली. एकेचाळीस. थंड पाणी घातलं. अडतीस. नळ्या सोडल्या आणि चार मिनिटांत छत्तीस. गरम पाणी घातलं, तर चाळीस. नळ्या पटकन वर काढल्या. कपाळावरचा घाम तिनं कोपरानं पुसला. तीन तास असं चालवायचं म्हटलं, तरी आकड्यांना काही अर्थ राहणार नव्हता. किडा थंड पडला की सुस्तावतो, तापला की मरतो.

तिनं तार स्वतःच्या काखेत धरून पाहिली. छत्तीस पूर्णांक सहा. दोन अंश कमी.

लालसू हाताला रक्त-हळद लागलेला परत आला. त्यानं गंज बघितला, पेटी बघितली.

“काऊन, काय झालं?”

रीनानं सांगितलं. त्यानं ते काकूला माडिया बोलीत सांगितलं. सोनीबाईनं एकच प्रश्न विचारला, आणि लालसूनं तो मराठीत आणला. “किती ऊन पायजे, विचारते. अंगापेक्षा जास्त?”

“थोडं जास्त. सारखं राहणारं. कमी-जास्त नको.”

सोनीबाई बोलली त्यातला ‘कोर’ एवढाच शब्द रीनाला कळला. कोर म्हणजे कोंबडी. लालसू काकूकडे बघतच राहिला. मग तिनं हातानं खूण केली, आणि दोघं तिच्यामागून घराच्या मागच्या पडवीत गेले.

कोपऱ्यात टोपलीत भाताचा पेंढा, आणि त्यावर एक तांबडी कोंबडी पंख पसरून बसलेली. खुडूक, अंडी उबवायला बसलेली. माणसं दिसताच तिनं मानेवरची पिसं फुलवली आणि घशातून गुरगुरली. सोनीबाईनं तिच्या पोटाखाली हात घातला; ती हलली नाही. रीनानं तार सोनीबाईच्या बोटांजवळून आत सरकवली, तशी कोंबडीनं तिच्या मनगटावर टोच मारली.

आकडा चढत गेला आणि थांबला. अडतीस पूर्णांक चार.

रीनानं आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. अडतीस पूर्णांक चार.

“किती दिवस झाले बसून?”

“नऊ,” लालसू म्हणाला. “अकरा अंडी हायत.” मग आवाज उतरवून म्हणाला, “मॅडम, पावसात रोग आला ना. काकीच्या चौदा कोंबड्या होत्या. हे एक राह्यली.”

रीनानं तार बाहेर ओढली. “मग नको. बाई, नको. कोंबडी उठून गेली तं?”

सोनीबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती कोंबडीच्या पोटाखालून अंडी काढत होती. एक, दोन, तीन. कोंबडी लहान, अकरा अंड्यांनीच तिचं पोट भरलेलं. नळ्यांना जागा करायची तर अंडी काढावीच लागणार होती. सहा काढली. मग तिनं रीनापुढे हात पसरला.

“दे.”

“अंडी थंड होतील बाई.”

“दे म्हणते ना.”

मागून झिंगूचा आवाज आला. तो गंमत बघायला केव्हा येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नव्हतं. “दे वो पोरी. वाटा घेतला ना तू? मंग काम गावचं झालं. आता नाई म्हणाचं तुले काय काम?”

रीनानं एकेक नळी दिली. सोनीबाईनं ती आधी दोन्ही तळव्यांत चोळली, मग मधोमध, अंड्यांच्या मध्ये आडवी सरकवली. सहा. कोंबडीनं मान वाकडी करून एकदा खाली पाहिलं, पोट इकडून तिकडे हलवलं आणि पुन्हा बसली.

“तिले वाटन, शयरातून अंडी आली,” लालसू म्हणाला.

वेळ अकरा वाजून पाच मिनिटं. रीनानं वहीत लिहिलं. वर बघितलं तेव्हा सोनीबाई काढलेली सहा अंडी पदराखाली घेऊन आत गेली होती. नऊ दिवसांची अंडी. रीनाला त्यांच्या आतलं सगळं माहीत होतं. लाल रेषांचं जाळं, डोळ्याचा काळा ठिपका, चालणारं हृदय. दुसऱ्या टोपलीत ठेवली तरी तीन तासांत ती अंगणातल्या हवेइतकी गार होणार होती. एका म्हातारीच्या कोंबडखान्यातलं पुढच्या वर्षाचं अर्ध्याहून जास्त, आणि तेही तिनंच, न विचारता, काढून दिलेलं. तिनं वहीत तासांचे रकाने आखले.

साडेअकराला तार आत घातली. अडतीस पूर्णांक दोन. बाराला अडतीस पूर्णांक पाच.

गावाच्या मधोमध ढोल सुरू झाला. लालसूची बायको सांगायला आली, जेवण झालं, चला. रीना म्हणाली, मला इथून हलता येणार नाही. तिनं मग रीनाचा वाटा शिजवून पानाच्या द्रोणात आणून दिला आणि वर दुसरं पान झाकलं. सोनीबाई मागच्या भिंतीला टेकून उन्हात बसली होती, मांडी घालून, अंगावर घोंगडी घेऊन. तिच्यासाठीही एक द्रोण आला. तिनं तो बाजूला ठेवायला सांगितला.

“काकी, चाल ना,” लालसू म्हणाला. “सगळे विचारून राह्यले. तू नाई तं गाणं कोण उचलन?”

“ललकारू दे त्याइले.”

“पाय दुखते काय?”

“तू जा.”

लालसू गेला. साडेबारा, अडतीस पूर्णांक एक. रीनानं सोनीबाईकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही हात घोंगडीत. ऑक्टोबरच्या उन्हात घोंगडी कशाला, असं रीनाच्या मनात येऊन गेलं. ताप असेल, असंही वाटलं. पलीकडे बायकांचं गाणं एका ओळीवर येऊन अडखळलं, हसणं ऐकू आलं, पुन्हा सुरू झालं. सोनीबाईचे ओठ त्या ओळीवर हलले. ती जागची हलली नाही.

एक वाजता कोंबडी उठली.

रीना उभी राहिली. कोंबडी टोपलीच्या काठावर आली, अंग झाडलं, खाली उतरली. रीनाला हात लावायचा धीर होईना. सोनीबाई भिंतीपासून हलली नाही; नुसती बोलली, हळू, कोंबडीशी बोलावं तशी. तिनं एक हात घोंगडीतून काढून शेजारच्या द्रोणातली भाताची चार शितं जमिनीवर टाकली. कोंबडीनं ती टिपली, पडवीच्या कडेला जाऊन शिटली आणि परत येऊन टोपलीत चढली. चोचीनं एक नळी आत ओढून घेतली. तीन मिनिटं वीस सेकंद. रीनानं तार घातली. सदतीस पूर्णांक नऊ. दहा मिनिटांनी अडतीस पूर्णांक तीन. तिनं दोन्ही आकडे लिहिले.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिनं नळ्या काढल्या. उजेडात धरून बघितल्या. किडे हलत होते, सहाही नळ्यांत. पाणी गाळून दुसऱ्या नळ्यांत घेतलं, बर्फाच्या डब्यात रोवलं, झाकण लावलं. हे सगळं करताना तिचे हात स्थिर होते.

“बाई, झालं,” ती म्हणाली. “झालं सगळं.”

सोनीबाईनं मान हलवली आणि लालसूला हाक मारली. तो आला. ती त्याला काहीतरी म्हणाली आणि त्यानं तिच्या अंगावरची घोंगडी काढली.

लुगड्याचा ओचा तिनं पोटावर ओढून, कमरेला दोन गाठी मारून घेतला होता. गाठी लालसूनं सोडल्या. आत मऊ जुन्या फडक्यात, पोटाच्या कातडीला लागून, सहा अंडी होती.

सोनीबाईनं एकेक अंडं काढलं, गालाला लावून बघितलं आणि लालसूच्या ओंजळीत दिलं. तापमापक रीनाच्या हातात होता. तिनं तारेचं टोक पुसलं, तार गुंडाळली आणि डबीत ठेवून दिली.

मग खिशातून पेन्सिल काढली. “बाई, यांच्यावर एक एक खूण करू?”

“काऊन?”

“सवय हाय मले.”

“कर.”

तिनं सहाही अंड्यांच्या बोथट टोकाला बारीक फुली काढली. लालसूनं ती कोंबडीखाली सरकवली. कोंबडीनं त्यालाही टोचलं.

सोनीबाईला उठता येईना. पाय बधिर झाले होते. लालसूनं हात दिला तरी ती पुन्हा खाली बसली आणि स्वतःवरच हसली. रीना तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिचा एक पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागली. सोनीबाईनं पाय ओढून घेतला.

“सोड. तू मोठी शिकलेली.”

“गप बसा बाई.”

दुसऱ्यांदा तिनं ओढला नाही. एक पाय झाला, मग दुसरा. द्रोण उघडले तेव्हा रस्सा थिजला होता. दोघींनी तो तसाच खाल्ला. सोनीबाईनं आपल्यातला वजडीचा तुकडा उचलून रीनाच्या द्रोणात टाकला.

*

“इन्क्युबेटर कुठला लिहू?” रीनानं सणानंतरच्या अकराव्या दिवशी विचारलं.

ललिता मॅडमनी वहीतलं पान आपल्याकडे फिरवलं. रकान्यात आठ आकडे होते. सगळ्यात कमी सदतीस पूर्णांक नऊ, सगळ्यात जास्त अडतीस पूर्णांक सहा.

“आपली पेटी याहून जास्त खाली-वर होते,” मॅडम म्हणाल्या. “कशात ठेवल्या होत्यास?”

रीनानं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला.

“जसं झालं तसं लिही,” त्या म्हणाल्या. “परीक्षकांनी विचारलं तर मी बघते.”

पहिल्या खेपेत, नुसत्या मिठाच्या पाण्यातल्या किड्यांच्या तुलनेत अर्जिनिन मिळालेल्यांनी दीडपट अमोनिया टाकला होता. दुसऱ्या खेपेत एक पूर्णांक चार पट. तिसऱ्या खेपेचे सहा आकडे त्या दुपारी यंत्रावर आले. एक पूर्णांक चार सहा पट.

फोन आला त्यानंतर दोन दिवसांनी. टोल्यात रेंज नव्हती. लालसू टेकडीवर चढला होता, त्याला धाप लागली होती.

“मॅडम, फुटली. काल अन् आज.”

“किती?”

“नऊ. दोन तशीच राह्यली. काकी म्हणे, तिले सांग, तिचं काम झालं काय ते विचार.”

“झालं म्हणा. चांगलं झालं.” तिनं वही ओढली. “लालसूभाऊ, जी दोन राह्यली, त्याइच्यावर फुली हाय काय?”

वारा वाजत होता. तो कुणाशी तरी ओरडून बोलला; खालून उत्तर यायला वेळ लागला.

“एकावर हाय. एक कोरं हाय.”

रीनानं तारीख टाकली आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

कोंबडीखाली राहिलेली: पाचांपैकी चार.

सोनीबाईपाशी राहिलेली: सहांपैकी पाच.